डॉक्टरच म्हणाले, त्याला कॉम्प्युटरवर बसवा

ताई, नमस्कार.

आम्ही तासगाव भागातले. द्राक्षबाग आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिनसलंय. पूर्वी क्रिकेटला गेल्याशिवाय त्याची संध्याकाळ व्हायची नाही, आता बॅट माळ्यावर गेली. शाळेतून आला की दार लावून घेतो. जेवायला हाक मारली तरी खेकसतो, काय झालं विचारलं की ‘काही नाही’. गणितात पहिल्यांदाच नापास झाला. वर्गशिक्षिकांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, डॉक्टरांना दाखवा. मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बराच वेळ बोलून सांगितलं की डिप्रेशन आहे, पण सौम्य आहे, गोळ्यांची घाई नको. समुपदेशक मॅडम महिन्यातून दोनदाच येतात, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवरची थेरपी सुचवलीय. आठवड्याला एक धडा आणि दर शनिवारी मॅडमचा एक फोन.

त्यावरून घरात रोज खटके उडतात. ह्यांचं म्हणणं, मोबाइलनंच पोरगं वाया गेलं आणि आता डॉक्टर पैसे घेऊन आणखी स्क्रीन देतायत. चार दिवस बागेत राबला की डोकं आपोआप ताळ्यावर येईल. सासूबाई दृष्ट काढतात. नणंद ऑकलंडला असते, ती म्हणते तिकडे तर पोरांना डिप्रेशनसाठी कॉम्प्युटर गेम देतात, तुम्ही कसल्या शंका काढताय. त्यात परवा मला कळलं की हा रात्री उशिरापर्यंत एआय चॅटबॉटशी बोलत असतो. ‘तो मला समजून घेतो’ म्हणाला. तेही हेच का? कॉम्प्युटर माणसाचं मन बरं करू शकतो का? आणि त्या कोर्समध्ये तो काय लिहितो, ते मी वाचावं का?

– एक आई

नमस्कार.

आधी उत्तर देते, मग बाकीचं. कोर्स सुरू करा. पण शनिवारच्या फोनसकट. फोन काढून टाकून नुसता कोर्स कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

तुमच्या डॉक्टरांनी काही वेडंवाकडं सांगितलेलं नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेनं कोणते उपचार द्यावेत हे ठरवणारी नाईस नावाची संस्था आहे. तिच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सौम्य डिप्रेशन असलेल्या मुलांसाठी डिजिटल सीबीटी (सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) हा सुरुवातीच्या पर्यायांपैकी एक आहे. डिप्रेशन मध्यम किंवा तीव्र असेल तर मात्र तीच संस्था समोरासमोरच्या उपचाराकडे पाठवते. म्हणजे डॉक्टरांनी वापरलेल्या ‘सौम्य’ या शब्दावर बरंच काही अवलंबून आहे. पुढच्या भेटीत तो शब्द त्यांच्याकडून पुन्हा एकदा ठासून विचारून घ्या.

तुमच्या नणंदबाईही खरंच सांगतायत. ऑकलंड विद्यापीठातल्या बालमानसोपचारतज्ज्ञ सॅली मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पार्क्स नावाचा एक गेम तयार केला. मुलगा किंवा मुलगी एक पात्र निवडते आणि बर्फाचा, ज्वालामुखीचा, दलदलीचा असे सात प्रदेश पार करत जाते. वाटेत चिलटांसारखे जीव अंगावर येतात आणि ‘तू हरलेलाच आहेस’ छापाची वाक्यं फेकतात. हे निराशेचे आपोआप येणारे विचार. ते ओळखायचे, पकडायचे, मोडून काढायचे. प्रत्येक प्रदेशाच्या आधी आणि नंतर एक वाटाड्या मुलाशी थेट बोलतो आणि खेळात केलं ते घरी-शाळेत कसं करायचं ते सांगून गृहपाठ देतो.

याची रीतसर चाचणी झाली आणि 2012 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल छापून आले. 12 ते 19 वयाची 187 मुलं होती. निम्म्यांना गेम, निम्म्यांना नेहमीचा उपचार, म्हणजे बहुतेकांना समोरासमोरचं समुपदेशन. गेमवाली मुलं मागे पडली नाहीत. डिप्रेशनमधून पुरती बाहेर आलेल्यांचं प्रमाण गेमच्या गटात 43.7 टक्के निघालं, दुसऱ्या गटात 26.4 टक्के. सातही धडे 60 टक्के मुलांनी पूर्ण केले. आता यातली मेख सांगते, कारण ती नणंदबाईंनी सांगितली नसणार. स्वतःला इजा करून घेण्याचा धोका जास्त असलेली आणि आजार फार वाढलेली मुलं या चाचणीत घेतलीच नव्हती. शिवाय ती सगळी मुलं कुठल्या तरी दवाखान्यातून किंवा शाळेच्या समुपदेशकाकडून आलेली होती, म्हणजे त्यांच्याकडे कुणाचं तरी लक्ष होतं.

लक्ष नसलं की काय होतं तेही बघितलं गेलंय. असे कार्यक्रम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले की मुलं उत्साहानं नाव नोंदवतात, पहिला धडा उघडतात आणि गायब होतात. शेवटपर्यंत पोचणारी फार थोडी. ब्रिटनमध्ये 2015 साली 691 प्रौढ रुग्णांवर अशीच एक मोठी चाचणी झाली. त्यांना नेहमीच्या डॉक्टरी उपचाराबरोबर कॉम्प्युटरवरची थेरपी दिली, पण पाठबळ अगदी जुजबी. फरक काही पडला नाही. मग त्याच संशोधकांनी पुढच्या चाचणीत फोनवरून नीट, ठरवून साथ दिली, तेव्हा काही महिन्यांत फरक दिसला. मोठ्या माणसांची ही गत, तर पंधरा वर्षांच्या पोराकडून एकट्यानं कोर्स निभावण्याची अपेक्षा कशी करायची? दहा-पंधरा मिनिटांचा शनिवारचा फोन हा या उपचाराचा कणा आहे. मॅडमचा फोन एखाद्या शनिवारी आला नाही तर तुम्ही दवाखान्यात फोन करून विचारा. संकोच करू नका.

आता तो कोर्समध्ये करणार काय, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं, नाहीतर दाराआडून नुसते क्लिकचे आवाज ऐकून तुमचा जीव टांगणीला लागेल. तुमचा कोर्स गेमसारखा असेल किंवा साध्या धड्यांसारखा, आतला माल बहुधा सीबीटीचाच असतो. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत बसवली. माणूस निराश असला की त्याचं डोकं प्रत्येक घटनेचा सगळ्यात वाईट अर्थ लावतं, आणि तो अर्थ त्याला खराच वाटतो.

एक उदाहरण घेऊ. मित्राला व्हॉट्सॲपवर ‘उद्या येतोस का’ विचारलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. कोर्स चार रकाने समोर ठेवतो. पहिल्यात काय घडलं: मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. दुसऱ्यात डोक्यात काय आलं: मी त्याला नकोसा झालोय. तिसऱ्यात काय वाटलं आणि किती: वाईट वाटलं, दहापैकी आठ. चौथ्यात काय केलं: दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. मग प्रश्न येतात. नकोसा झालोय याला पुरावा काय? आणखी काय कारण असू शकतं? हेच त्या मित्राच्या बाबतीत झालं असतं तर तू त्याला काय म्हणाला असतास? मुलगा कुरकुरत लिहितो, ‘त्याचा क्लास असेल’. आठाचे सहा होतात. दोन अंकांनी काय होतंय असं तुम्हाला वाटेल, पण आठवर मुलगा दार लावून बसतो आणि सहावर कधीकधी दार उघडतो. हेच पुन्हा पुन्हा केलं की डोक्याला सवय लागते.

दुसरा भाग कृतीचा. मन लागत नाही म्हणून खेळायला जायचं सोडलं, खेळ सोडला म्हणून मित्र तुटले, मित्र तुटले म्हणून मन आणखी खचलं. हे चक्र उलटं फिरवायचं असतं. मन लागेल तेव्हा खेळू, असं न म्हणता आधी थोडं खेळायचं. कोर्समध्ये अशा बारीकसारीक गोष्टींची यादी करायला सांगतात, प्रत्येक गोष्टीआधी आणि नंतर मनाला गुण द्यायचे.

आणि इथे मला तुमच्या मिस्टरांची बाजू घ्यायचीय. ‘बागेत राबला की ठीक होईल’ यातलं निम्मं बरोबर आहे. हालचाल, ऊन, हाताला काम, चार माणसांशी बोलणं यानं डिप्रेशनमध्ये खरोखर फायदा होतो. चूक दोन ठिकाणी होते. एक, ते काम शिक्षा म्हणून येतं. दुसरं, ते एकदम दिवसभराचं असतं. ज्या मुलाला आंघोळीला उठणं जड जातंय त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बागेत उभं केलं तर तो दुपारीच कोलमडेल, आणि ‘बघ, मला काहीच जमत नाही’ हा आणखी एक पुरावा त्याच्या हाती लागेल. त्याऐवजी संध्याकाळी अर्धा तास, वडिलांबरोबर, घड मोजायला किंवा नुसतं बागेतून फेरी मारायला. हे त्यानंच त्याच्या यादीत लिहिलं तर फारच उत्तम. वडिलांनी त्या अर्ध्या तासात अभ्यासाचं नाव काढायचं नाही, एवढी एक अट त्यांना घाला.

स्क्रीनबद्दलचा त्यांचा राग मला समजतो. पण आठवड्याला अर्ध्या-पाऊण तासाचा एक धडा आणि रात्री दोनपर्यंत रील्स यांना एका मापानं मोजू नका. धडा संपतो. रील संपत नाही. धडा बैठकीतल्या कॉम्प्युटरवर नको, पण रात्री पांघरुणातही नको. दिवसाची एक वेळ ठरवा, दार लोटून घेऊ द्या, त्या वेळात धाकट्यांना आणि पाहुण्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

चॅटबॉटचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी टाकलात, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. नाही, ते आणि हे एक नाही. डॉक्टरांच्या कोर्समध्ये काय विचारायचं, कुठल्या क्रमानं विचारायचं, कुठे थांबायचं हे माणसांनी आधी ठरवलेलं असतं आणि मागे मॅडम असतात. सर्वसाधारण चॅटबॉट उपचारासाठी केलेला नसतो. तो गप्पा चालू ठेवतो. समोरचा जे म्हणेल त्याला मान डोलावण्याकडे त्याचा कल असतो, आणि निराश मुलाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणं हे सीबीटीच्या बरोब्बर उलट आहे. वर, रात्री दीड वाजता मुलानं काही भलतं लिहिलं तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईला तो उठवेल याचा भरवसा नाही. अमेरिकेत आपली मुलं गमावलेले काही पालक अशा कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले आहेत.

पण म्हणून मुलावर ओरडू नका. यंत्राजवळ मन मोकळं करावंसं वाटणं आजचं नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा एक अगदी बाळबोध प्रोग्रॅम लिहिला होता, जो माणसाचंच वाक्य फिरवून प्रश्न करून परत द्यायचा. तो कसा चालतो हे ठाऊक असूनही त्यांच्या सेक्रेटरीबाई त्याच्याशी बोलू लागल्या आणि थोड्या वेळानं त्यांनी वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तुमचा मुलगा तर आजच्या, कितीतरी हुशार यंत्राशी बोलतोय. ‘तो मला समजून घेतो’ हे वाक्य टोचलं असेल तुम्हाला. त्यात एक चांगली बातमीही आहे: त्याला बोलायचंय. भांडून ॲप काढायला लावलंत तर तो दुसरं टाकेल आणि तुम्हाला सांगणार नाही. त्यापेक्षा शनिवारी मॅडमना हे सांगायला त्याला सांगा, किंवा त्याच्यादेखत तुम्ही सांगा. आणि रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचासुद्धा.

तो लिहितो ते वाचावं का? नाही. तुमचा जीव वर-खाली होत असणार हे कळून सांगतेय. ते चार रकाने खरं लिहिले तरच उपयोगाचे, आणि आई वाचणार आहे हे कळलं की मुलगा आईला आवडेल ते लिहितो. मात्र दोन गोष्टी सुरुवातीलाच, त्याच्यासमोर, ठरवून घ्या. पहिली: जिवाला धोका आहे असं मॅडमना वाटलं तर त्या तुम्हाला सांगणार. हे त्याला आधीच माहीत असू दे, म्हणजे पुढे फसवल्याची भावना येणार नाही. दुसरी: त्यानं भरलेली माहिती कुठे साठते, कुणाला दिसते, खातं बंद केलं तर पुसली जाते का. तो अठराच्या आतला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याच्या उपचाराला पालकाची संमती लागते आणि 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलंय. तेव्हा हे प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे. पैसे भरताना दर महिन्याला आपोआप कापले जाणार नाहीत ना, तेही बघून घ्या.

भाषेचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण विचारते. कोर्स इंग्रजीत आहे का? असे बरेचसे कार्यक्रम इंग्रजीत असतात आणि त्यातली मुलं बेसबॉल खेळतात नि लॉकरपाशी भांडतात. मराठी माध्यमातल्या मुलाला शब्द कळतीलही, पण ‘हे माझ्याबद्दल आहे’ असं वाटणार नाही. आपल्या शेजारीच याचा वेगळा विचार झालाय. गोव्यातली संगात ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिच्या लोकांनी शाळकरी मुलांना हाताशी धरून ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचा मोबाइलवरचा गेम बनवला आणि गोव्यातल्या शाळांमध्ये वापरून पाहिला. त्यात आपल्याकडच्या मुलांच्या अडचणी आहेत आणि रीतही सोपी: अडचण काय, पर्याय कोणते, त्यातला एक करून बघ. तिथेही सोबतीला समुपदेशक होतेच. तुमचा कोर्स इंग्रजीत असेल तर मॅडमना सांगा की शनिवारच्या फोनवर धडा मराठीत उलगडून बोला, आणि मुलाला रकाने मराठीत भरू द्या. बहुतेक ठिकाणी चालतं.

सासूबाई दृष्ट काढतायत तर काढू द्या. मीठ-मोहऱ्यांनी कोर्सचं काही बिघडत नाही, आणि आजीच्या हाताचा स्पर्श तरी होतो. फक्त ‘कुणाची तरी नजर लागली, नाहीतर आमचा पोरगा असा नव्हता’ हे त्याच्यासमोर बोलू नये एवढं त्यांना समजावा. वडिलांनाही एक सांगायचंय: या वयात डिप्रेशन नेहमी रडून दिसत नाही. चिडचिड हे त्याचं मोठं लक्षण आहे, डॉक्टरांच्या निकषांतसुद्धा ते धरलेलं आहे. खेकसणं हा सगळाच उद्धटपणा नाही.

आता जे लिहिणार आहे ते शांतपणे वाचा, आणि मिस्टरांनाही वाचायला द्या. तुमच्या घरी बाग आहे, म्हणजे फवारणीची औषधं आहेत. ती आजच कुलपात टाका. किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. घरातल्या झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्याही तशाच. मुलगा सौम्य आजारी आहे, त्यानं तसं काही म्हटलेलं नाही, हे खरं. तरीही टाका. ‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, खूप दिवसांच्या उदासीनंतर एकाएकी विचित्र शांत होणं, अंगावर जखमा दिसणं, यातलं काही दिसलं तर धडा, शनिवार, पुढची तारीख, कशाचीही वाट बघू नका. त्याला सरळ विचारा, ‘तुला जगू नये असं वाटतं का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल किंवा तो गप्प राहिला, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर वडील म्हणून त्यांना स्वतःच्या घालमेलीसाठीही लावता येईल.

राहता राहिला बोर्डाचा प्रश्न. तुम्ही विचारला नाहीत, पण पत्राच्या प्रत्येक ओळीआड तो दिसतो. आठवड्याचा पाऊण तास दहावी बुडवत नाही. लागत नसलेलं मन बुडवतं. पेपर आणि धडे एका आठवड्यात आले तर मॅडमना विचारून धडा पुढे ढकला, सोडू मात्र नका. आणि एखादा विषय राहिलाच तर बोर्डाची पुरवणी परीक्षा असते.

पहिल्या दोन धड्यांत फरक दिसणार नाही. तो कंटाळेल, ‘बकवास आहे’ म्हणेल. म्हणू द्या. चार आठवडे झाले की डॉक्टरांकडे जा आणि इतकंच विचारा: किती धडे झाले, झोप आणि भूक कशी आहे, तुमच्या मोजमापात तो कुठे आहे. धडे रखडले असतील किंवा तो आणखी खाली गेला असेल तर कोर्स त्याला मानवला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग मॅडमच्या प्रत्यक्ष भेटी मागून घ्या. त्या मिरजेत महिन्यातून दोनदाच येत असतील तर बाकीचे दोन आठवडे व्हिडिओ कॉलवर बसतील का, हे आधीच विचारून ठेवा.